आधी घर, मग नियम: ओजिब्वे मुलांसाठी घडवलेल्या एका प्रोग्रामची केस स्टडी

ही केस अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून सुरू करावी लागते. मक्याची शेतं, डुकरांचे फार्म, गावात एक-दोन चर्च आणि जवळपास सगळी गोरी शेतकरी कुटुंबं, असा तो ग्रामीण भाग. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी तिथं एक फॅमिली प्रोग्राम चालवायला घेतला. मूळ प्रोग्राम युटा विद्यापीठातल्या कॅरोल कम्फर यांचा, ऐंशीच्या दशकातला, आणि तो होता नशा करणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. आयोवावाल्यांनी तो चारचौघांसारख्या साध्या घरांसाठी बदलून घेतला, म्हणजे १० ते १४ वर्षांची मुलं, सात आठवडे, आठवड्यातून एकदा दोन तास, पहिला तास आईबाप एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या तासाला सगळे एकत्र. पालकांनी काय शिकायचं तर लाड आणि शिस्त एकाच वेळी कशी सांभाळायची, आणि मुलांनी काय तर दोस्त मागे लागले तरी नाही कसं म्हणायचं.

रिझल्ट चांगले आले. चार वर्षांनी बघितलं तर प्रोग्राम केलेल्या मुलांमध्ये दारू सुरू केलेल्यांचं प्रमाण कमी होतं. २००२ मध्ये कुणीतरी पैशाचा हिशोब मांडला तर एका डॉलरमागे ९.६० डॉलरचा फायदा निघाला. त्याच काळात शाळेत पोलीस येऊन ड्रग्जवर भाषण देतात तो डेअर नावाचा कार्यक्रम (१९८३, लॉस एंजेलिस) अमेरिकाभर जोरात होता आणि एकामागून एक अभ्यासात त्याचा परिणाम जवळपास शून्य दिसत होता. त्यामुळे घराला धरून काम करणारा प्रोग्राम म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. आणि मग साहजिक पुढचा विचार, की आयोवाच्या उत्तरेलाच तर मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन, तिथल्या रिझर्वेशनवर, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या (नेटिव्ह लोकांच्या) राखीव भूभागांवर, हे का नेऊ नये.

नेलं, पण नेताना त्याची पार मोडतोड करून नव्यानं बांधावं लागलं.

आधी हे लोक कोण ते थोडक्यात. ओजिब्वे ही अशीच एक नेटिव्ह जमात, ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात, अमेरिकन सरकारच्या करारांमध्ये त्यांचं नाव चिपेवा असं लागलंय. लेक सुपीरियरच्या आजूबाजूला, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, नॉर्थ डकोटा आणि पलीकडे कॅनडात ऑंटारियो, मॅनिटोबा, अशी ही वस्ती पसरलीय. एकट्या मिनेसोटात त्यांची सात रिझर्वेशन्स आहेत, रेड लेक, व्हाइट अर्थ, लीच लेक वगैरे, आणि विस्कॉन्सिनमध्ये सहा बँड, म्हणजे जमातीचे वेगवेगळे गट. ही केस यातल्या नक्की कुठल्या रिझर्वेशनची ते रिपोर्टमध्ये मुद्दाम दिलेलं नाही, ट्रायबल कौन्सिलबरोबर तसं ठरलेलंच आहे. मला हे अगदी पटतं. एकदा का एखाद्या गावाचं नाव दारूच्या आकड्यांबरोबर छापून आलं की पुढची वीस वर्षं तेच त्या गावाचं नाव होऊन बसतं, नोकरीच्या इंटरव्ह्यूपासून लग्नापर्यंत.

आता एक गैरसमज इथंच काढून टाकू, नाहीतर पुढचं सगळं वाकडं वाचलं जाईल. नेटिव्ह लोकांच्या रक्तातच दारू आहे, त्यांना ती पचत नाही, हे अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलंय आणि आपल्याकडेही सिनेमा बघून बऱ्याच जणांना तसंच वाटतं. ॲरिझोना विद्यापीठाच्या एका टीमनं २०१६ मध्ये देशभरातल्या सर्व्हेचे आकडे तपासले तर सुमारे ६० टक्के नेटिव्ह लोकांनी गेल्या महिन्यात दारूला हात लावलेला नव्हता, गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण ४३ टक्के. एका बैठकीत जास्त पिणारे दोन्हीकडे साधारण सारखेच, १७ टक्क्यांच्या आसपास. आणि गंमत म्हणजे नेटिव्ह माणसाला दारू विकायला केंद्र सरकारची बंदी एकोणिसाव्या शतकापासून १९५३ पर्यंत होती, म्हणजे फरच्या व्यापारात कातडीच्या बदल्यात रम वाटायची, मग कायद्यानं बंदी घालायची, मग चोरून घाईघाईनं पिणाऱ्याला बघून म्हणायचं की बघा, यांना प्यायची अक्कल नाही.

पण प्रॉब्लेम खोटा आहे असंही नाही. जी मुलं सुरू करतात ती फार लवकर करतात, काही अकरा-बारा वर्षांचीच असताना. २००२ पासून चार अमेरिकन रिझर्वेशन्स आणि कॅनडातल्या चार रिझर्व्हवर सातशेहून जास्त मुलांचा एक लांब पल्ल्याचा अभ्यास सुरू झाला, हीलिंग पाथवेज नावाचा, त्यात तीच मुलं १०-१२ वर्षांची असताना आणि पुढे १३-१५ ची झाल्यावर बघितली तर नशेच्या विकाराचं निदान होण्याचं प्रमाण एकदम चढलेलं होतं. म्हणजे खिडकी फार छोटी आहे. हायस्कूलला गेल्यावर लेक्चर द्यायला जाल तर उशीर झालेला असतो. त्यात आता दारू-गांजाच्या वर ओपिऑइड (अफूसारखी नशा देणारी औषधं) आणि त्यातलंच फार जहाल फेंटॅनिल आलं, रेड लेकनं तर २०१७ मध्ये यावर आणीबाणीच जाहीर केली होती.

या सगळ्यामागचा माणूस म्हणजे लेस व्हिटबेक, समाजशास्त्रज्ञ, आधी आयोवा स्टेटला आणि नंतर नेब्रास्का विद्यापीठात. स्वतः नेटिव्ह नाही. पण त्यानं आयोवाचं मॅन्युअल उचलून थेट रिझर्वेशनवर नेलं नाही, आधी विचारलं की इथल्या पोराला दारूकडे ढकलतं कोण. अपर मिडवेस्टमधल्या, म्हणजे मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या पट्ट्यातल्या, तीन रिझर्वेशनवरच्या पाचवी ते आठवीतल्या १९५ मुलांशी बोलून २००१ मध्ये जो पेपर आला त्यात असं निघालं की मुलाला भेदभावाचा अनुभव आला, म्हणजे दुकानात मागे मागे फिरून लक्ष ठेवलं, शाळेत कुणी टोमणा मारला, की तो राग बनून साठतो, रागातून उनाडपणा येतो आणि तिथून लवकर सुरू झालेली नशा. आता आयोवाच्या सात आठवड्यांत या गोष्टीसाठी एक मिनिटही नव्हतं, कारण आयोवाच्या शेतकऱ्याच्या पोराला दुकानात चोर समजून कुणी बघत नाही! तिथं दोस्तांचा दबाव हा मुख्य शत्रू होता. इथं दोस्तांच्या आधी दुकानदार आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड. ज्येष्ठांशी, म्हणजे तिथल्या एल्डर्सशी बोलताना सारखं एकच येत होतं, जे गेलं त्याबद्दल. जमीन गेली (१८८९ चा नेल्सन ॲक्ट, जमिनीचे तुकडे पाडून नावावर केले आणि मग ते गोऱ्यांच्या हातात गेले, फक्त रेड लेकनं तुकडे पाडू दिले नाहीत), भाषा गेली, पोरं घरापासून तोडून सरकारी बोर्डिंग स्कूलला नेली. मिनेसोटातल्या पाइपस्टोनची शाळा १८९३ ला उघडली आणि १९५३ ला बंद झाली, म्हणजे तिथं शिकलेली माणसं या अभ्यासाच्या वेळी आजी-आजोबा होती. बोर्डिंग स्कूल कमी पडलं म्हणून की काय, सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेंप्रमाणे देशातली २५ ते ३५ टक्के नेटिव्ह मुलं घरातून काढून फॉस्टर होम, दत्तक घरं किंवा संस्थांमध्ये टाकलेली होती, त्यावर १९७८ ला कायदा करावा लागला. ज्या बाईला सहाव्या वर्षी आईपासून तोडून डॉर्मिटरीत वाढवलं तिनं आईपण शिकायचं कुणाकडून? पालकत्वाचं शिक्षण हा शब्द इथं फार हलका वाटायला लागतो.

व्हिटबेकच्या टीमनं एल्डर्सच्या याच बोलण्यातून बारा प्रश्नांची एक मोजपट्टी बनवली, २००४ ला छापून आली. प्रश्न साधे, आपली जमीन गेली हा विचार तुमच्या मनात किती वेळा येतो, भाषा गेली हा, लवकर मेलेल्या माणसांचा, मुलं-नातवंडं म्हाताऱ्यांना मान देत नाहीत हा, आणि उत्तर कधीच नाही पासून दिवसातून अनेकदा पर्यंत. सगळ्यांना वाटत होतं की हे म्हाताऱ्यांचं दुःख आहे, पोरांना काय त्याचं. २००९ मध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांना विचारलं तर त्यांच्या मनात हे विचार त्यांच्या आयांइतकेच किंवा थोडे जास्तच येत होते. ज्या मुलानं बोर्डिंग स्कूल बघितलंही नाही तो रोज त्याचा विचार करतोय.

तर हे दोन शोध हातात घेऊन मग प्रोग्राम बांधायला बसले. नाव ठेवलं बी-झिन-दा-दे-दा, एकमेकांचं ऐकणं. एल्डर, पालक, मुलं, शाळेतले आणि दवाखान्यातले लोक, सगळ्यांचे गट बसवून आयोवाचं साहित्य वाचून काढलं. प्रोग्राम दुसऱ्या समाजात नेताना काय बदलतो याची एक चांगली मांडणी केन रेस्निकाउ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केलीय, वरवरचा बदल आणि आतला बदल. वरवरचा म्हणजे कव्हरवर पिसांचं चित्र, व्हिडिओत नेटिव्ह चेहरे, नावं बदलली, झालं. सरकारी ग्रँटवाले बहुतेक वेळा इथंच थांबतात. आतला म्हणजे या लोकांच्या मते पोर बिघडतं कशानं आणि सावरतं कशानं, तिथपासूनच बदल.

आतला बदल कुठं कुठं लागला ते बघण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे कुटुंब कोण. आयोवाच्या साच्यात आई, बाप आणि एक मूल. इथं पोर आजीकडे वाढतंय, मावशीकडे झोपतंय, काका त्याला मासे पकडायला नेतोय आणि घरातले सगळे त्याला वाढवणारेच आहेत. फक्त आईबापांना बोलावलंत तर जी व्यक्ती खरंच त्या मुलाला सांभाळते तीच खोलीबाहेर राहते. आपल्याला हे समजायला काही कष्ट पडत नाहीत, पण मॅन्युअल लिहिणाऱ्यांना पडले.

दुसरं शिस्तीचं. आयोवाच्या प्रोग्रामचा गाभा म्हणजे घराचे नियम ठरवा, मोडला तर परिणाम काय ते आधी सांगा आणि पाळा. आता क्लेअर ब्रँट नावाच्या मोहॉक (दुसरी एक नेटिव्ह जमात) मानसोपचारतज्ज्ञानं १९९० मध्ये लिहून ठेवलंय की त्यांच्या आणि आसपासच्या समाजांत दुसऱ्याच्या वागण्यात ढवळाढवळ न करणं हा मोठा संस्कार आहे, मुलाच्या बाबतीतही. हुकूम सोडायचा नाही, गोष्ट सांगायची, करून दाखवायचं, अर्थ त्यानं काढायचा. बाहेरून आलेल्या सोशल वर्करला हे दुर्लक्ष वाटतं, आणि याच चष्म्यातून बघून किती मुलं घरातून उचलली गेली असतील देव जाणे. पण उलट बाजूही आहे, तेरा वर्षांचं पोर रात्री दोनला घरी येतंय आणि आपण गोष्ट सांगतोय, हे चालणार नाही असं तिथल्याही आया म्हणणारच. माझ्या मते या प्रोग्रामची खरी परीक्षा इथंच आहे. नियम लागतातच, पण ते आधी नातं असलेल्या माणसाच्या तोंडून यावे लागतात, आणि सात आठवड्यांत नातं जोडूनही होत नाही.

तिसरं तंबाखू, आणि हा मला सगळ्यात आवडलेला भाग. जगातला कुठलाही नशाबंदीचा कार्यक्रम तंबाखूवर लाल फुली मारून सुरू होतो. ओजिब्वे लोकांत तंबाखू, त्यांची असेमा, पवित्र आहे. एल्डरकडे काही विचारायला जायचं तर हातात तंबाखू ठेवायची, तळ्यातून जंगली तांदूळ काढायच्या आधी पाण्याला वाहायची, प्रार्थनेला वाहायची. हीलिंग पाथवेजच्या टीमनंही कुटुंबांना अभ्यासात बोलावताना आधी तिथल्या पद्धतीची भेटवस्तू दिली, जंगली तांदूळ वगैरे, आणि मग हो म्हटल्यावर मुलाखतीचे माणशी ४० डॉलर. अशा ठिकाणी तंबाखू वाईट असं पोस्टर लावलं तर पोराला दोनच अर्थ काढता येतात, आजी खोटी किंवा पोस्टर खोटं. म्हणून तिथल्या कामात वाहायची तंबाखू आणि दुकानातलं सिगारेटचं पाकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच शिकवतात, पवित्र वस्तूचा मान राखायचा तर ती व्यसन म्हणून ओढायची नाही. आपल्याकडे मोहाच्या दारूबद्दल आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

चौथं भेदभाव. त्यासाठी वेगळी जागा ठेवली, असं झालं तर अंगात काय होतं, राग येतो तो ओळखायचा कसा, कुणाला सांगायचं, परत काय बोलायचं. यावर टीका करणारेही आहेत, की गोऱ्या दुकानदाराला काही न शिकवता पोरालाच सहन करायला शिकवताय. टीकेत दम आहे. पण पोर उद्याच दुकानात जाणार आहे.

एक संध्याकाळ साधारण अशी असते. एल्डर प्रार्थनेनं सुरुवात करतो, मग सगळ्यांचं एकत्र जेवण, मग मोठे एकीकडे मुलं एकीकडे, शेवटी परत एकत्र बसून त्याच विषयावर काहीतरी मिळून करायचं, कधी घराण्याची माहिती काढायची, कधी सात आजोबांची शिकवण घ्यायची (शहाणपण, प्रेम, आदर, धैर्य, प्रामाणिकपणा, नम्रता, सत्य). नाही म्हणायची प्रॅक्टिस आहेच, ती आयोवातून आली आणि ती टाकायचं काही कारणही नव्हतं. चालवणारे लोक तिथलेच, ट्रेनिंग दिलेले. यात जेवण ही सजावट नाही हे लक्षात घ्या, कामावरून थकून आलेल्या आजीला तीन पोरं घेऊन वीस-तीस मैल बर्फातून यायचं तर जेवण, गाडी आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी, या तीन गोष्टी नसतील तर बाकीचं मॅन्युअल कितीही भारी असो, खुर्च्या रिकाम्या राहतात. आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री इथंच लागते.

आता उपयोग झाला का? सरळ हो-नाही देता येत नाही आणि त्याची कारणं पण केसचाच भाग आहेत. आयोवात ३३ शाळा घेऊन चिठ्ठ्या टाकून काहींना प्रोग्राम आणि काहींना नाही असं करता आलं. रिझर्वेशनवर माणसंच थोडी, सगळे एकमेकांचे नातेवाईक, बहिणीच्या पोराला मिळालं आणि भावाच्या नाही, हे कुठलं कौन्सिल मान्य करेल. शिवाय जे शिकवलं ते रविवारच्या जेवणात सगळीकडे पसरतं, तुलना करायला कोरा गट उरतच नाही. संस्कृतीचा आधार मिळतो याला बाजूचा पुरावा आहे, २००६ मध्ये याच भागातल्या नऊशेहून जास्त मोठ्या माणसांच्या अभ्यासात परंपरा आणि अध्यात्म पाळणाऱ्यांमध्ये दारू सोडलेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं. पण मोठ्यांनी दारू सोडणं वेगळं आणि बारा वर्षांच्या मुलानं ती सुरू न करणं वेगळं, हे दोन्ही एकाच पोत्यात भरू नये.

आणि संस्कृती म्हणजे तरी कुणाची? बाहेरून बघताना वाटतं की ओजिब्वे म्हणजे ढोल, पाइप आणि मिडेविविन (त्यांचा पारंपरिक धर्मसंप्रदाय). प्रत्यक्षात तिथं कॅथलिक आहेत, एपिस्कोपल आहेत, ओजिब्वे भाषेत चर्चची गाणी म्हणणारे म्हातारे आहेत, आणि पारंपरिक धर्माला १९७८ पर्यंत कायद्याचं नीट संरक्षणही नव्हतं त्यामुळे कित्येक घरांत तो लपूनछपून टिकला किंवा तुटला. सेशनच्या सुरुवातीला सेज ही पवित्र मानलेली वनस्पती जाळली तर कुणाला घरी आल्यासारखं वाटेल आणि कुणाची आजी उठून जाईल. हा तिढा मॅन्युअलमध्ये सुटत नाही, त्या गावातल्या माणसांनी दर वेळी बसून सोडवावा लागतो. म्हणूनच पुढे जिथं जिथं हा प्रोग्राम गेला तिथं तो परत बदलला. मॅकगिल विद्यापीठातल्या लॉरेन्स किर्मायर यांच्या नेटवर्कमार्फत कॅनडात गेला तेव्हा क्री आणि इतर समाजांनी आपापलं रूप केलं, तिथं तो चौदा सेशनचा आहे, म्हणजे आयोवाच्या दुप्पट. कोलोरॅडो विद्यापीठाच्या नॅन्सी व्हाइटसेल यांच्या टीमबरोबर लकोटा लोकांनी त्यांच्या भाषेतलं नाव देऊन वेगळाच घडवला. कॉपी करून जसाच्या तसा चालवा आणि एक अक्षर बदलू नका, हा जो प्रिव्हेन्शनवाल्यांचा हट्ट असतो तो इथं बाजूला ठेवावा लागला.

माझी खरी तक्रार पैशाच्या रचनेवर आहे. असे प्रोग्राम रिसर्च ग्रँटवर चालतात, ग्रँट चार-पाच वर्षांची, विद्यापीठाच्या नावावर. तेवढ्या वेळात दोन-तीन स्थानिक माणसं तयार होतात, लोकांचा विश्वास बसतो, आणि ग्रँट संपते. ती तयार झालेली बाई कॅसिनोत किंवा दवाखान्यात नोकरी धरते कारण तिलाही घर चालवायचंय. मॅन्युअल कपाटात. दुसरीकडे उपचारांचे बेड, घरं, रात्रीची बस, हे सगळं तोकडंच, आणि मिनेसोटात नेटिव्ह लोकांचा ओव्हरडोसनं मरायचा दर गोऱ्यांच्या कित्येक पट. सातवीतल्या मुलाला भावना ओळखायला शिकवलं पण त्याच घरात थोरला भाऊ फेंटॅनिलवर आहे आणि त्याला कुठं जागा मिळत नाही, तर त्या मुलाला आपण नक्की काय सांगितलं? प्रतिबंध आणि उपचार ही दोन खाती ग्रँटच्या फॉर्मवर वेगळी असतात, घरात एकच.

एक गोष्ट मात्र बदललीय. हीलिंग पाथवेजचं काम आता मेलिसा वॉल्स बघतात, त्या स्वतः अनिशिनाबे, जॉन्स हॉपकिन्सच्या इंडिजिनस हेल्थ सेंटरच्या, बसतात मिनेसोटातल्या डुलुथमध्ये. प्रश्नही बदललेत, काय बिघडलंय एवढंच न विचारता नीट जगणं म्हणजे काय, त्यांच्या भाषेत मिनो-बिमादिझिविन, ते लोकांनाच विचारतात. आणि २००२ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली ती मुलं आता पस्तिशीच्या आसपास आलीत. त्यातल्या काहींची स्वतःची पोरं आत्ता दहा-बाराची असतील, म्हणजे नेमकी त्या खिडकीत, आणि यावेळी पालकांच्या खोलीत बसणाऱ्यांचं लहानपण आधीच कागदावर नोंदलेलं आहे.